परसबागेच्या फाटकाचा अडसर: प्रकल्प नोंदी

९ एप्रिल

परसबागेच्या फाटकाला लाकडी अडसर करायचं ठरलं. आजवर तारेच्या आकड्यावर भागलं. फाटक गुडघ्यानं दाबायचं, आकडा ओढून खांबाच्या खिळ्यात अडकवायचा, असं ते दोन हातांचं काम. आईच्या एका हातात कायम बादली नाहीतर टोपलं. त्यामुळे फाटक दिवसभर नुसतं लोटलेलं असतं, आणि शेजारच्या उस्मानाबादी शेळ्या लोटलेलं फाटक उघडंच धरतात. मेथीचा वाफा त्यांच्या पोटात गेला, शेवग्याच्या रोपाची साल हातभर सोलून निघाली.

दुकानातला आल्ड्रॉप, म्हणजे कडीत सरकणारी लोखंडी सळई, का नको, ते लिहून ठेवतो, कारण घरात हा प्रश्न रोज येणार आहे. पुढच्या अंगणाच्या फाटकाला तो आहे. दिवाळीत बसवला तेव्हा सळई कडीत अलगद जायची. मृगाचा पाऊस झाला, खांब हलला, आणि सळई कडीच्या शेजारी आपटायला लागली. आल्ड्रॉप वाईट नाही, पण त्यात सळई आणि कडी यांच्यामध्ये जेमतेम जागा असते, आणि आमच्याकडचा खांब तेवढ्यावर ऐकत नाही.

मोजमापं: फाटक ३ फूट रुंद, साडेतीन फूट उंच. उभ्या फळ्या १ इंच जाड, त्यांना आतून ४ इंच रुंदीच्या, १ इंच जाडीच्या तीन आडव्या पट्ट्या. बिजागरीची बाजू घराच्या दगडी भिंतीला धरलेली आहे, ती हलत नाही. दुसऱ्या बाजूला बाभळीचा ४ इंची चौरस खांब, काळ्या मातीत २ फूट गाडलेला. फाटक आणि खांब यांच्यामधली फट आज वर ९ सूत, खाली ८ सूत. सगळी मापं सुतातच लिहितो, ८ सुतांचा इंच. इथले सुतार तशीच बोलतात आणि टेपवर मोजायलाही ती सोपी पडतात.

१३ एप्रिल

मिस्त्री मामांकडे जाऊन आलो. पूर्वी तिफणी आणि वखर भरून द्यायचे, आता प्लायवूडची कपाटं करतात. मी वहीतलं चित्र दाखवलं, त्यात खांबावरची खाच दांड्याच्या बरोब्बर मापाची काढली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“कामून एवढं टाईट धरायलास?”

“मामा, खडखड नको म्हणून.”

“खडखड हाय तवर उघडतंय म्हन. तुझा खांब काळ्या रानात हाय. आत्ता मोजलेलं आत्तापुरतं. आषाढात मोज, मंग मला सांग.”

यावरून घरी येऊन हिशेब मांडला. लाकूड लांबीच्या दिशेनं जवळजवळ वाढत नाही. फुगतं ते आडव्या अंगानं. सागवानाचं बघितलं तर लाकडातला ओलावा एका टक्क्यानं वाढला की रुंदीत साधारण ०.२ टक्का वाढ होते. बाभळीला ०.३ धरू. मे महिन्यातलं कोरडं ठाक लाकूड आणि श्रावणातलं लाकूड यांत ओलाव्याचा फरक १० टक्क्यांचा मानला, तर दीड इंच रुंदीचा दांडा एखाद्या मिलिमीटरनं फुगेल. म्हणजे सुताचा तिसरा भाग. लाकूड फुगतं, फुगतं म्हणून आपण जी ओरड करतो ती या कामापुरती एवढीच.

खांबाचं तसं नाही. आमची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीत २ फुटांवर उभा असलेला खांब पावसाळ्यात एकीकडे कलतो, उन्हाळ्यात परत येतो, पण नेमका पहिल्या जागी कधी येत नाही. मागच्या पावसाळ्यात तारेचा आकडा किती सैल पडायचा त्यावरून अंदाज केला: अर्ध्या इंचाहून जास्तच सरकला असणार. एक मिलिमीटर लाकडाचा, आणि पंधरा-सोळा मिलिमीटर मातीचे. तेव्हा मापं मातीकडे बघून घ्यायची.

खांबच नीट बसवावा, हा सल्लाही मिळाला, आणि तो चूक नाही. घराचा पाया घेताना काळी माती उकरून मुरुमापर्यंत जातात ते याचसाठी. पण खांबाच्या बुडाशी लिंबोणी आहे, चांगली लागती. तिच्या मुळ्या तोडून मुरूम भरायचा, तर फाटक सरळ होईल आणि राखायला काही उरणार नाही.

१४ एप्रिल

अडसराच्या आधी फाटकाची मान वर करावी लागली. खांबाकडचं टोक पाऊण इंच खाली आलं होतं, त्यामुळे फाटक जमीन खरवडत होतं. आतून तिरपी पट्टी मारली: खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून वरच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत. लाकडाची तिरपी पट्टी याच दिशेनं लागते, कारण ती दाब झेलते आणि वजन खालच्या बिजागरीत उतरवते. उलट दिशेनं लावायची असेल तर तिथे तार किंवा लोखंडी सळई हवी, कारण ती ओढ झेलते. गावात निम्म्या फाटकांना पट्टी उलटी मारलेली दिसते, आणि तरी लोक बिजागरीला शिव्या देतात.

१९ एप्रिल

नमुना ठरवायला एवढे दिवस गेले. दोन पर्याय होते.

पहिला, पडती खिट्टी. फाटकावर एका खिळ्याभोवती फिरणारी पट्टी, खांबावर वर तोंड असलेली खाच. फाटक लोटलं की पट्टी उतारावरून चढते आणि आपोआप खाचेत पडते. मातीची हालचाल तिला सहज पचते, आणि बंद करायला हातही लागत नाही. आईला हीच आवडली. पण जी वस्तू खालून उचलली की उघडते, ती शेळीच्या नाकाला शिकवावी लागत नाही. मामांच्या गोठ्याला अशी खिट्टी होती, तिथली कालवड ती रोज उघडायची म्हणे.

दुसरा, सरकता दांडा. फाटकावर दोन घरं, म्हणजे खाच पाडलेले लाकडी ठोकळे, खांबावर एक, आणि त्यातून आडवा सरकणारा दांडा. हा बाजूला ओढल्याशिवाय उघडत नाही, आणि बाजूला ओढणं जनावराला सुचत नाही. जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाजांमागे हेच असायचं, फक्त तिथला अडसर मनगटाहून जाड, आणि तो सरकवून ठेवायला भिंतीच्या जाडीत त्याच्या लांबीएवढं भोक. आमच्या आजोळच्या वाड्याची भिंत पडली तेव्हा ते भोक आरपार बघायला मिळालं होतं. आतून सगळं गुळगुळीत झालेलं, आणि अडसराभोवती चांगली बोटभर जागा मोकळी. तेव्हा ते ढिसाळ काम वाटलं होतं.

सरकता दांडाच घ्यायचा.

दांडा थोडा खांबाकडे उतरता बसवला तर आपल्या वजनानं बंद होईल का, हेही तपासून पाहिलं. एका फळीवर बाभळीचा तुकडा ठेवून फळी उचलत नेली. चांगलीच तिरकी झाली तरी तुकडा हलेना. लाकडावर लाकूड असं घसटतं. उताराचा नाद सोडला.

२४ एप्रिल

लाकूड. गोठ्याच्या माळ्यावर जुना वखर पडून आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. पास, म्हणजे लोखंडी पातं, गंजून गेली, ती धरणारी जानवळी मोडकी, पण दांडी अजून खणखणीत आहे. बाभळीची दांडी, किती पावसाळे खाल्लेली कोण जाणे. टोकाकडून दीड फूट कापून घेतली. करवतीखाली आतला भाग लालसर तांबूस निघाला, कडेला कुठे कुठे फिकट पांढुरका पट्टा. तो पांढरा भाग टाकून द्यायचा: भुंगा लागतो तो तिथेच, पिठूळ भुकटी पडते. बाभूळ तोडल्यावर ओंडके विहिरीत किंवा डोहात काही महिने बुडवून ठेवायची जुनी रीत याच भुंग्यासाठी. पाण्यात लाकडातला पिठूळ अंश निघून जातो आणि किड्याला खायला काही उरत नाही.

आजोबांचा वखर कापला म्हणून आई दुपारभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, “रुमणं ठीव तेवढं.” रुमणं म्हणजे वखराची मूठ. ठेवलं आहे.

घरांसाठी सागवान, मिस्त्री मामांकडच्या चौकटीचे उरलेले तुकडे. दोन वेगळी लाकडं मुद्दाम घेतली. दांड्याला झीज आणि धक्का, तिथे बाभूळ. घराला पटाशी चालायला हवी आणि ऊन-पाण्यात तडकता कामा नये, तिथे साग.

२७ एप्रिल

दांडा तयार. लांबी १४ इंच, उंची १२ सूत, जाडी ८ सूत. लिहायला एक ओळ, करायला अख्खा दिवस. बाभळीचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. रंधा एका दिशेनं नेला की निम्मा भाग गुळगुळीत होतो आणि निम्म्यात चिपा उपटतात. शेवटी रंध्याचं पातं अगदी कमी काढून, तिरकं धरून, थोडं थोडं घेतलं. धार दर अर्ध्या तासाला लावावी लागली.

चारही कडा मारल्या. पुढच्या तोंडाला चारी बाजूंनी उतार दिला, साधारण ६ सूत लांबीचा, म्हणजे खाच थोडी वरखाली झाली तरी टोक आपोआप वाट शोधून आत शिरेल.

३ मे

घरं. या कामातला खरा जीव यातच आहे, म्हणून सविस्तर.

फाटकावरची दोन घरं सारखी: प्रत्येकी ४ इंच उंच, २ इंच रुंद, १२ सूत जाड. पाठीमागून मधोमध खाच, उंची १३ सूत, खोली साडेआठ सूत. म्हणजे दांड्याला वरखाली १ सूत आणि आतबाहेर अर्धा सूत ढील. समोर साडेतीन सूत लाकूड शिल्लक राहतं, ते पुरेसं आहे.

रेषे उभे ठेवले आहेत, ही गोष्ट महत्त्वाची. तुकडा आडव्या रेषांचा घेतला तर समोरच्या पातळ भागात रेषे खाचेला समांतर येतात आणि शेळीच्या एका धडकेत तो भाग उकलतो. उभ्या रेषांत हाच भाग वरच्या पायापासून खालच्या पायापर्यंत सलग राहतो. शिवाय खाचेची उंची रेषांच्या लांबीत येते, म्हणजे ती उन्हाळा-पावसाळा सारखीच राहते. फुगेल तो फक्त दांडा, आणि त्याचा हिशेब आधीच केलेला: १ सुतात तो तीनदा फुगून मावेल.

खाच काढायची पद्धत: गुण्यानं (काटकोन्यानं) दोन रेघा, दोन्ही रेघांच्या आतल्या बाजूनं करवतीनं खोलीपर्यंत काप, मग मधल्या टाकाऊ भागात आणखी चार-पाच काप. नंतर पटाशी आणि मोगरी (लाकडी हातोडा). अर्ध्यापर्यंत एका बाजूनं, मग तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं आरपार गेलं की पलीकडची कड फुटून निघते. तळ कानशीनं सपाट केला.

खांबावरचं घर वेगळं. ५ इंच उंच, २ इंच रुंद, १६ सूत जाड. खाचेची उंची २० सूत, खोली १२ सूत. दांडा १२ सुतांचा, म्हणजे वर ४, खाली ४ सूत जागा. आतबाहेरही ४ सूत. मामांनी बघितलं आणि पहिल्यांदा काही न बोलता मान हलवली. खाचेच्या खालच्या कडेला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिला, पाणी साचू नये म्हणून. आणि हे घर दोन्ही बाजूंनी उघडं ठेवलं, पिशवीसारखं बंद नाही. खांब फाटकाकडे सरकला की दांडा आपला पलीकडे निघेल.

१० मे

खुंटी आणि चीर. यात सोय अशी आहे की एकच खुंटी तीन कामं करते. दांड्यातून आरपार घातलेली बोरीची खुंटी फाटकाला पाडलेल्या आडव्या चिरेतून बाहेर निघते. त्यामुळे आत आणि बाहेर दोन्हीकडून धरायला मूठ मिळते. चिरेची लांबी दांड्याची धाव ठरवते, वेगळा अटकाव लागत नाही. आणि खुंटी असेपर्यंत दांडा कोणी काढून नेऊ शकत नाही.

चिरेची लांबी अशी काढली. सगळ्यात मोठी फट ९ सूत. खांबावरच्या घरात दांडा पूर्ण रुंदीभर जायला हवा, ते १६ सूत. बेरीज २५. उघडताना टोक फाटकाच्या कडेच्या आत १ सूत यावं, म्हणून धाव २६ सूत. खुंटी ६ सुतांची. २६ आणि ६ मिळून ३२ सूत, म्हणजे नेमके ४ इंच. चिरेची उंची ७ सूत.

पहिलं घर फाटकाच्या कडेशी, दुसरं कडेपासून साडेसात इंचांवर, चीर त्या दोघांच्या मधोमध. ती मधल्या आडव्या पट्टीतून आणि तिच्यामागच्या उभ्या फळीतून आरपार जाते. उभी फळी तिथे जवळजवळ पूर्ण कापली जाणार, म्हणून आधी चिरेच्या वर आणि खाली तिला पट्टीशी स्क्रूनं धरून घेतलं, मग भोकं पाडली. दोन टोकांना ड्रिलनं ७ सुतांची भोकं, मधे कीहोल करवत, शेवटी कानस.

खुंटी ६ इंच लांब. तिचं दांड्यातलं टोक चिरून आत पाचर ठोकली. पाचरीची चीर दांड्याच्या रेषांना आडवी ठेवायची. रेषांच्या दिशेत ठेवली तर पाचर दांड्यालाच दुभंगते, आणि इथे भोकाच्या वरखाली फक्त ३-३ सूत लाकूड आहे.

११ मे

तेल. सगळ्या तुकड्यांना करडईचं तेल, घाण्यावरचं. परभणी जिल्ह्यात राहून करडई सोडून दुसरं तेल शोधायला जाणं बरं दिसत नाही; इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. पण अभिमानाचं सोडा, करडईचं तेल हवेवर हळूहळू सुकून पापुद्रा धरतं, तेच कारण. जवस त्याहून लवकर सुकतं आणि जास्त टणक होतं, मात्र लाकूड पिवळट करतं. शेंगदाण्याचं किंवा एरंडेल लावलं तर ते सुकत नाही, वर धूळ बसून चिकटा होतो.

पातळ हात, तासाभरानं फडक्यानं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, परत. टोकांना जास्त पाजलं, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांतूनच. सुकणाऱ्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात, आणि मे महिन्यात आमच्या गोठ्यात कडबा आहे. फडकी दोरीवर मोकळी वाळत घातली, मग पुरून टाकली.

दांडा जिथे घसटतो तिथे तेल नाही. तिथे मेणबत्ती घासली.

१८ मे

बसवलं. सकाळी सहाला सुरुवात केली, नवाच्या आत हात आटोपला. पारा ४२ वर असताना लोखंडाच्या हातोडीला दुपारी हात लावता येत नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. बाभळीत टॅनिन भरपूर. कातडी कमवायला तिची साल वापरतात ती त्यामुळेच. साध्या लोखंडी स्क्रूभोवती पहिल्या पावसातच शाईसारखा काळा डाग उतरतो आणि स्क्रूही खाल्ला जातो. फाटकावरची घरं अडीच इंची स्क्रूंनी, खांबावरचं ४ इंची स्क्रूंनी. सगळीकडे आधी भोक पाडून. वाळलेल्या बाभळीत थेट स्क्रू पिळला तर त्याचं डोकं तुटतं.

खांबावरच्या घराची जागा: दांडा पूर्ण बाहेर काढून त्याची वरची आणि खालची कड खांबावर आखली, आणि खाचेचा मध्य त्या मधोमध न ठेवता १ सूत वर घेतला. फाटक खाली येणं थांबवलं आहे, पण काळ्या मातीत फुगवट्यानं खांब वर उचलला जातो की नुसता कलतो, ते मला बघायचं आहे. खांबाचा आतला चेहरा फाटकाच्या पट्टीपेक्षा मागे होता, म्हणून घराखाली पाऊण इंची फळीचा तुकडा भरला. बाहेरच्या अंगाला एक थांबा ठोकला, म्हणजे फाटक त्यावर येऊन थांबतं आणि दांडा समोर येतो.

आज फट ९ सूत. दांडा सरकवला की मोठ्यानं खटका वाजतो. सैल आहे, हलवलं की खुळखुळतो. शेजारचे काका येऊन हलवून गेले. “लई ढिल्लं झालंय की रं.” मी म्हणालो, जुलैत या.

२० मे

शेळ्या आल्या. काळी मोठी शेळी आधी डोकं लावून ढकलते, ते झालं. मग पुढचे पाय वरच्या पट्टीवर टाकून उभी राहिली आणि बाहेर आलेली खुंटी चाटून पाहिली, बहुतेक तेलाचा वास. दातात धरून वर उचलायचा प्रयत्न केला. चीर आडवी आहे, खुंटी वर जात नाही. थोड्या वेळानं कंटाळून बांधावरच्या बाभळीकडे गेली.

आईनं डाव्या हातात बादली धरून उघडलं, आत गेली, कोपरानं फाटक लोटलं, खुंटी सरकवली. काही बोलली नाही. एवढंच विचारलं की खुंटीचं टोक गोल का केलं नाही, हाताला लागतं. कानशीनं गोल केलं.

९ जून

मृग लागला आणि काल रात्री पहिला पाऊस. जोरात पडला, भेगांतून पाणी गुडगुड करत खाली गेलं. खांब जागचा हललेला नाही. पहिल्या पावसात माती वरवर भिजते, दोन फुटांपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. दांडा सरकायला किंचित जड झाला, परत मेण घासलं.

६ जुलै

सोयाबीनची पेरणी आटोपली तेव्हा मोजायला सवड मिळाली. फट वर ५ सूत, खाली ६. म्हणजे खांब फाटकाकडे कलला आणि वरून जास्त. खांबाला ओळंबा लावून पाहिला, अंतर जुळतं. एप्रिलमध्ये वरची फट खालचीपेक्षा मोठी होती, आता उलटं. दांडा खांबावरच्या घरातून पलीकडे ४ सूत बाहेर दिसतो. त्याला काही अडत नाही, खाच उघडी आहे. उंचीत खांब सूतभर वर आलेला दिसतो.

काका आले होते. हलवून पाहिलं, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आल्ड्रॉपच्या कडीचं भोक कानशीनं लांबवता येईल का.

१५ ऑगस्ट

आठवडाभर झड. फट वर ३ सूत, खाली ५. खांब उंचीत २ सूत वर आलेला. खाच मधोमध न ठेवता १ सूत वर घेतली होती, तिथून खांबानं आणखी २ सूत वर नेली. दांड्याच्या खाली आता फक्त १ सूत जागा उरली आहे, वर ७. पुढच्या वेळी खाच मध्याच्या १ सूत खाली घेईन, खांब चढतो तिकडे. दांडा फुगला तो अर्ध्या सुताच्याही आत, हिशेबानं आला तसाच. फाटकावरच्या घरांत तो आता खुळखुळत नाही, सरळ जातो आणि सरळ येतो.

एक गोष्ट हिशेबात नव्हती. कुंभारीण माशीनं खांबावरच्या घरात मातीचं घरटं बांधलं, दोन दिवस आम्ही लग्नाला गेलो होतो तेवढ्यात. दांडा सरकवला तसा मातीचा गोळा पलीकडून बाहेर पडला. भिंतीतल्यासारखं बंद भोक असतं तर पटाशीनं कोरत बसावं लागलं असतं.

चिरेत मात्र पाणी उडून येतं आणि खालच्या कडेला हिरवट शेवाळ धरलं आहे. कडेला बाहेरच्या बाजूनं तिरका उतार मारला.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. झेंडावंदनाहून आल्यावर सगळं उघडून पाहिलं. दांड्याच्या खालच्या अंगाला, पहिल्या घरात घसटतो तिथे, चकचकीत पट्टा पडला आहे, झीज नखाला लागेल एवढीही नाही. सागाच्या घरात खाचेच्या तळाला थोडी माती आणि वाळू बसली होती, ब्रशनं काढली. ही वाळूच पुढे दांडा खाईल, त्यामुळे दर पंधरवड्याला ब्रश फिरवायचा. एका स्क्रूची पकड ढिली झाली होती, तो अर्धा इंच बाजूला नव्या भोकात घेतला. तेलाचा एक हात.

मोठी मावशी सुट्टीला आली होती, तिनं अडसर दोन-तीनदा मागेपुढे करून बघितला. रझाकारांच्या वेळी तिची आजी दिवस मावळला की अडसर घालायची आणि शिवाय त्याच्यामागे पाटा उभा करायची, असं तिनं सांगितलं. पाटा कशाला, तर कोणी दार लोटलं तर पडेल आणि आवाज होईल.

२ नोव्हेंबर

माती वाळायला लागली, खांबाच्या बुडाशी बारीक भेग दिसते. फट वर ६, खाली ६. उंची १ सूत परत खाली आली. खांबावरचं घर आज उतरवून २ सूत खाली बसवलं. जुनी भोकं सागाच्या खुंट्या मारून बुजवली.

पुढचं काम गोठ्याचं फाटक. नमुना हाच, पण दांडा १६ सूत उंचीचा आणि घरं त्या मापानं जाड घ्यावी लागतील, कारण म्हैस फाटकाला अंग घासते. तिथले दोन्ही खांब काळ्या मातीतच आहेत, म्हणून खांबावरच्या खाचेत वरखाली ६-६ सूत सोडायचे. वखराची दांडी पुरणार नाही. तिफणीचं खोड माळ्यावर आहे, आईला विचारून.